डावीकडे ठेवलेलं पातं

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात माझ्या काकांना सगळे अंगठेबहाद्दर म्हणतात. काका वर्तमानपत्र वरच्या तारखेपासून शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचतात, तेव्हा हे नाव निरक्षरपणावरून पडलेलं नाही. ते पडलं त्यांच्या उजव्या अंगठ्यावरून. सुरीला धार लावून झाली की काका अंगठा धारेवर आडवा, अगदी हलकेच फिरवायचे. आडवा, लांबीने नाही. लांबीने फिरवणाऱ्याला पुढे अंगठा उरत नाही. मग घशातल्या घशात 'हं' म्हणायचे आणि सुरी बाजूला ठेवायचे. त्या 'हं'नंतर सुरीबद्दल कुणी शंका घेत नसे. मी तिथली कोठी सांभाळते, सुऱ्या माझ्याच ताब्यात असतात, म्हणून अधिकाराने सांगते: सव्वीस वर्षं दर मंगळवारी काका तिथे येत होते, आणि पहिली पंचवीस वर्षं ते 'हं' एकदाही खोटं ठरलं नव्हतं.

सव्विसाव्या वर्षी काय झालं तेच सांगायचं आहे.

आमच्या घरी एक सुरी दोन भाऊ मिळून करत. बाबा थोरले, ते घडवायचे. जुन्या ट्रकच्या कमानीचं पोलाद आणून भट्टीत तापवायचं, ऐरणीवर ठोकायचं, पाणी द्यायचं, कच्ची धार काढायची, इथपर्यंत बाबा. पुढे मूठ आणि पक्की धार हे काकांचं काम. मधे एक पायरी होती, आणि ती दोघांनी पोरवयातच ठरवून टाकली होती: घडवणाऱ्याने पारखायचं नाही. बाबा नवं पातं भट्टीजवळच्या फळीवर ठेवायचे आणि पाठ फिरवून निखारे हलवत बसायचे. निखाऱ्यांना तशी काही गरज नसायची. काका पातं नखाने वाजवून कानाशी धरायचे, अंगठा फिरवायचे, आणि पसंत पडलं तर फळीच्या उजव्या टोकाला ठेवायचे, नाहीतर डाव्या. डावीकडचं पातं परत भट्टीत जायचं. तोंडाने कुणी काही बोलत नसे. लाकडावर पातं टेकल्याचा आवाज कुठल्या बाजूने आला, यावरून बाबांना निकाल कळायचा.

दोघं बाकी कशाहीवरून भांडत. चहात साखर किती, खिडकी उघडी की बंद, शेजाऱ्याचा कुत्रा रेडिओवरच्या बातम्या सुरू झाल्या की का भुंकतो, सगळ्यावरून. पात्यावरून चाळीस वर्षांत एकदाही नाही.

बाबा गेले तो दिवस मला तुकड्या-तुकड्यात आठवतो. दुपार होती. बाबांनी एक पातं फळीवर ठेवलं आणि पाठ फिरवली. काकांनी ते बराच वेळ हातात धरलं, दोनदा अंगठा फिरवला, आणि डावीकडे ठेवलं. एरवी बाबा नुसते उठायचे आणि पातं उचलायचे. त्या दिवशी "बरं" म्हणाले. हात पुसले, आत आले, आईला म्हणाले, "जरा पडतो." ते उठलेच नाहीत.

मी काकांना बोलवायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि 'हं' म्हणाले, सुरीला म्हणतात तसं.

रडलं कुणीच नाही. आई भेटायला येणाऱ्यांसाठी चहा करत राहिली, मी कपबशा विसळत राहिले, काका दाराशी उभे राहून लोकांच्या चपला सरळ लावत राहिले. माणसं दगडाच्या काळजाची आहेत, असं म्हणत नातेवाईक परत गेले. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात ना, मग नंतर तासभर ओठ आपलाच आहे का ते बोटाने चाचपून बघावं लागतं, तसं आमचं झालं होतं. फक्त तास उलटून महिने झाले तरी ते उतरत नव्हतं. मी कामावर जात होते, जेवत होते, विनोदाला हसतही होते. आत काही हलत नव्हतं.

भट्टी थंड पडली. ते शेवटचं पातं फळीच्या डाव्या टोकालाच राहिलं. काका दर रविवारी त्यावर तेलाचा बोळा फिरवायचे, गंज चढू नये म्हणून, आणि पुन्हा तिथेच ठेवायचे. आईने एकदा फळी पुसायला म्हणून ते उजवीकडे सरकवलं, तर काकांनी ते परत डावीकडे नेलं. मला वाटलं, भावाची आठवण म्हणून जपतात. मी खोलात गेले नाही. तेव्हा मी कशाच्याच खोलात जात नव्हते.

काकांचं लग्न झालेलं नाही. बाबा गेले आणि भट्टी थांबली, तेव्हा त्यांच्या आठवड्यात सहा दिवस खुर्चीवरच्या माणसाचे उरले. सातवा मंगळवार. मंगळवारी ते दाढी करायचे, धुतलेला सदरा घालायचे, तीन दगड आणि चामड्याचा पट्टा पिशवीत भरून माझ्याबरोबर बसने यायचे. भांडी घासायच्या जागेजवळच्या खिडकीखाली एक उलटं खोकं होतं, ती त्यांची बैठक. शेजारी पाण्याची बादली. एकेक सुरी दगडावर घासायची, पट्ट्यावर ओढायची, अंगठा, हं. दुपारी बायका त्यांच्यासाठी चहा आणायच्या, तो ते पूर्ण गार झाल्यावर प्यायचे. मंगळवार गेला असता तर काकांना बिछान्यातून उठायला कारण उरलं नसतं. हे मला माहीत होतं आणि स्वयंपाकघरातल्या बायकांनाही माहीत होतं. सगळा घोळ त्यातूनच झाला.

कारण सुऱ्या कापेनाशा झाल्या होत्या.

पहिल्यांदा ते कांदेवाल्या मावशींच्या लक्षात आलं. मावशी एकोणीस वर्षं रोज पोतंभर कांदा चिरतात आणि त्यांच्या डोळ्यांतून टिपूस येत नाही; धारदार सुरी कांद्याला रडवू देत नाही, हे त्यांचं म्हणणं. एका बुधवारी सकाळी त्यांचे डोळे वाहायला लागले. त्यांनी हातातली सात नंबरची सुरी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि एक बशी उलटी केली. चिनी मातीच्या बशीच्या बुडाला खरखरीत कड असते, तिच्यावर त्यांनी सुरी दहा-बारा वेळा ओढली आणि कामाला लागल्या. पुढच्या बुधवारी बटाटेवालीने तेच केलं. मग रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी बशांचा तो दात आंबवणारा आवाज यायला लागला. मंगळवारी मात्र बशा जागेवर, आणि "काका, काय धार लावता हो!" असं हरभऱ्याच्या झाडावर चढवणं चालू.

मी सगळं बघत होते. ज्याचा भाऊ नुकता गेलाय त्याला 'काका, धार नाही' असं कोण सांगणार? त्यांचं मन लागत नसेल, लागेल हळूहळू, असं आम्ही आपापसात म्हटलं आणि मूग गिळून बसलो. नऊ महिने.

मग नवे मुख्य आचारी आले. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता. चारशे माणसांचं तीन वेळचं जेवण त्यांच्या डोक्यावर. आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी सात नंबर उचलली, एक टोमॅटो घेतला आणि मला कोठीतून बोलावलं.

"ही सुरी कापत नाही, चेपते," ते म्हणाले. "सगळ्या अशाच आहेत. घरगुती भट्टीतल्या ना? नाद सोडा आता. मी चांगल्या सुऱ्यांची कंपनी बघितली आहे."

ती माझ्या बाबांची भट्टी, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. ते ओशाळले, डोकं खाजवलं, आणि म्हणाले, "मग असं करू. कंपनीचा माणूस मंगळवारी येणारच आहे. तुमचे काकाही येतात. दोन्ही सुऱ्या त्यांनीच पारखाव्यात. ते सांगतील ते मी ऐकेन. मात्र कंपनीच्या घेतल्या, तर धार लावायची भानगडच राहणार नाही."

म्हणजे मंगळवारही राहणार नव्हता. मी घरी येऊन काकांना परीक्षेचं तेवढं सांगितलं. नऊ महिन्यांचं सांगायला तोंड उघडलं आणि भाजीचं विचारून मिटलं.

मंगळवारी कंपनीचा माणूस आला. हसतमुख, चकचकीत बूट, हातात काळी पेटी. पेटीचं झाकण चुंबकाने बंद होत होतं आणि उघडताना निःश्वास सोडत होतं. आत मखमलीवर एकच सुरी. पात्यावर पाण्यावर उठतात तशा लाटा, त्यावर हातोडीच्या ठोक्यांचे गोल खळगे, सगळे एका मापाचे, एका अंतरावर. सोबत जाड कागदाचं कार्ड. त्यावर भट्टीपुढे घण उगारलेल्या पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याचा फोटो, आणि खाली पाच पिढ्यांच्या तपश्चर्येबद्दल चार ओळी. किंमत ऐकून मावशींनी तोंडात बोट घातलं. त्या एका सुरीच्या पैशांत बाबांनी अख्ख्या स्वयंपाकघराच्या सुऱ्या करून दिल्या असत्या आणि वर दोन विळेही दिले असते.

काकांनी कार्ड चष्म्याजवळ नेऊन बघितलं. "ह्यांनी घण असा धरलाय," ते म्हणाले, "की खाली आला तर गुडघ्यावरच येईल. पाच पिढ्या लंगडतच काढल्या असतील."

बायका हसल्या. कंपनीचा माणूसही हसला, त्याला वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्याने कागद कापला, दोरखंड कापला.

"आम्ही आजाऱ्यांना दोरखंड वाढत नाही," मावशी म्हणाल्या.

"बाई, हिला आयुष्यभर धार लावावी लागत नाही!"

"कुणाच्या आयुष्यभर? माझ्या का तिच्या?"

मग पोलादाची शुद्धता, अणूंची रचना, मनगटाचं शास्त्र, असे त्याने बराच वेळ नाकाने कांदे सोलले. मावशींनी हाताने सोललेले समोर ढिगाने पडले होते. शेवटी मुख्य आचाऱ्यांनी त्याला थांबवलं आणि काकांसमोर पाट ठेवला. पेटीतली सुरी आणि काकांनी त्याच सकाळी धार लावलेली सात नंबर.

काकांनी आधी पेटीतली घेतली. नखाने वाजवून कानाशी धरली. मुठीच्या गळ्याशी बोटावर तोलली. मग अंगठा फिरवला, एकदा, आणि पुन्हा एकदा जरा दाबून.

"पोलाद खोटं नाही," ते म्हणाले. मला धक्का बसला. मी मनातल्या मनात तिला कधीच भंगारात काढलं होतं. "पातं यंत्राने काढलंय, पण पातळ आणि सरळ काढलंय. हे खळगे नंतर कोरलेत. ठोक्याने पोलाद दबतं, इथे नुसतं खरवडलंय. शोभेला आहेत, असू देत. मूठ जड आहे, दुपारपर्यंत मनगट दुखेल. आणि धार हिचीही जाणार. कापते ती प्रत्येक सुरी धार घालवतेच."

मग त्यांनी सात नंबर उचलली. अंगठा फिरवला. "हं."

मी कोठीच्या किल्ल्या उगाच मोजायला लागले.

मुख्य आचाऱ्यांनी एक टोमॅटो मधोमध कापून दोन अर्धुकं मावशींपुढे ठेवली. पेटीतली सुरी सालीतून खाली गेली, मावशींना हात टेकवण्यापलीकडे काही करावं लागलं नाही. सात नंबर सालीवर थांबली. साल खोल गेली, फाटली नाही. मावशींनी खांद्यातून जोर दिला तेव्हा रस उडाला आणि बिया पाटभर झाल्या.

"टोमॅटो फार पिकलाय," मावशी म्हणाल्या.

"तोच टोमॅटो आहे, मावशी," मुख्य आचारी हळूच म्हणाले.

पाटावर टोमॅटोचा रस होता, आणि त्यात एक जास्त गडद थेंब पडला. मग आणखी एक. ते पाटावरून येत नव्हते, वरून पडत होते. कंपनीच्या माणसाला आधी दिसलं. "काका, अहो, तुमचा अंगठा!"

काकांनी हात वर केला. पेटीतल्या सुरीने अंगठा चांगला अर्धा इंच उघडला होता आणि रक्त मनगटावरून सदऱ्याच्या बाहीत जात होतं. ते त्याच्याकडे दुसऱ्या कुणाची हरवलेली वस्तू सापडावी तसं बघत राहिले. डाव्या बोटाने जखम दाबली. मग जरा जोराने दाबली.

"कळलं नाही," ते म्हणाले.

कंपनीच्या माणसाने खिशातला घडी केलेला रुमाल काढला आणि त्यांच्या अंगठ्याभोवती घट्ट बांधला. त्याबद्दल मी त्याचं बाकी सगळं माफ केलं. काकांनी मोकळ्या हाताने सात नंबर घेतली आणि खिडकीपाशी उजेडात धरली. धार असली की तिची कड दिसत नाही. मेली की पांढऱ्या रेघेसारखी चमकते. मुठीपासून टोकापर्यंत पांढरी रेघ होती. ते नेहमी अंगठ्यावर विसंबायचे, उजेडात धरायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

"किती महिने?" त्यांनी विचारलं.

शेवटी मावशी म्हणाल्या, "आठ. नऊ असतील."

"मग चिरत कशा होता?"

मावशींनी बशी उलटी करून दाखवली. बुडाची कड पोलादाने काळी झाली होती. काकांनी ती बघितली. "म्हणजे धार तुम्हीच लावत होता," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"हो."

ते चिडतील असं मला वाटलं. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यांनी सात नंबर पाटावर नीट आडवी ठेवली आणि मुख्य आचाऱ्यांकडे वळून म्हणाले, "साहेब, निकाल सांगतो. पातं चांगलं आहे. धार वाईट आहे. धार माझी आहे. माझ्यापायी पाती फेकू नका. धार लावणारा दुसरा बघा."

मुख्य आचाऱ्यांनी पाटावरच्या बिया फडक्याने पुसून काढल्या. "आधी अंगठा शिवून घ्या," ते म्हणाले. "पुढच्या मंगळवारपर्यंत मी काही ठरवत नाही."

रुग्णालयातच असल्यामुळे टाके घालायला लांब जावं लागलं नाही. तरुण डॉक्टर होती. तिने टाके घातले, मग सुईच्या टोकाने एकेक बोट टोचून विचारत गेली, "टोचतंय? इथे? इथे?" अंगठ्याला नाही, तर्जनीला अर्धवट, बाकी बोटांना हो. नस दबत दबत गेली असणार, ती म्हणाली, अशा गोष्टी एकदम होत नाहीत, माणसाला पत्ताही लागत नाही. दीड वर्ष लागलं असेल, दोन वर्षंही.

"चौदा महिन्यांपूर्वी गेलेली असेल?" काकांनी विचारलं.

बाबा जाऊन चौदा महिने झालेत हे तिला माहीत नव्हतं, तिला तो आकडा विचित्र वाटला असावा. "असेल. नसेलही. नक्की नाही सांगता येणार."

बसमध्ये काका अंगठ्यावरच्या पट्टीकडे बघत बसले. नऊ महिने त्यांना फसवलं म्हणून माफी मागायची होती, पण शब्द जमेनात, आणि लाज वाटायला हवी तेवढी वाटतही नव्हती. खिडकीतून दुकानं मागे जात होती. एका दुकानाच्या काचेत त्या पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याचा फोटो माणसाएवढा मोठा करून लावला होता, घण तसाच उगारलेला.

घरी आल्यावर काका आत न येता थेट भट्टीच्या खोलीत गेले आणि मला हाक मारली. मी गेले तर त्यांनी फळीच्या डाव्या टोकावरचं पातं उचलून मधोमध ठेवलं होतं.

"पारख," ते म्हणाले.

"मला कुठे येतं, काका?"

"लहानपणी दादाची नजर चुकवून माझ्यामागून तू प्रत्येक पात्यावर अंगठा फिरवायचीस. मी उजवीकडे ठेवलेल्यावर एकदा, डावीकडच्यावर दोनदा. मला दिसायचं सगळं. पारख."

आणि ते पाठ फिरवून भट्टीपुढे बसले. डाव्या हाताने चिमटा घेतला आणि राख हलवायला लागले. चौदा महिन्यांची थंड राख. तेव्हा मला कळलं की ते दर रविवारी तेलाचा बोळा का फिरवत होते. त्यांना आठवण जपायची नव्हती. त्या दुपारच्या आपल्या निकालाचा संशय त्यांना तेव्हापासूनच असणार, आणि धार आहे तशी राखायची होती, कधीतरी कुणीतरी खरं सांगेपर्यंत.

पातं वाईट असेल, तर त्या दुपारी काकांचा अंगठा खरा होता. चांगलं असेल, तर बाबांनी आयुष्यात शेवटचं घडवलेलं पातं काकांनी मेलेल्या अंगठ्याने नाकारलं होतं, आणि बाबा ते नाकारणं ऐकून आत येऊन आडवे झाले होते.

मी पातं नखाने वाजवलं. आवाज लांब गेला, एकसारखा, मधे कुठे फुटला नाही. मी अंगठा फिरवला. मुठीकडच्या टोकाशी, मधे, पुढे. कुठेही दगा नव्हता. उजवीकडच्या पात्यांवर लहानपणी अंगठा फिरवताना मानेवर काटा यायचा, तसा आला. पुन्हा फिरवून बघायची गरज नव्हती, तरी मी पातं हातात धरून उभी राहिले. काका माझ्याकडे बघत नव्हते. फळीवर डावीकडे एक आवाज केला असता तर ते सुटले असते. उरलेलं आयुष्य त्यांनी मला त्याबद्दल कधी विचारलं नसतं. पण काका सुटावेत म्हणून आम्ही नऊ महिने नेमकं तेच करत होतो, आणि त्याचं रक्त सकाळी पाटावर बघितलं होतं.

मी पातं उजवीकडे ठेवलं.

चिमटा राखेत थांबला. बाहेर कुणीतरी बादली ओढत नेली.

"मग दादा चुकला नव्हता," काका म्हणाले.

"नाही."

"चांगलं आहे?"

"इतकं चांगलं मी हातात धरलेलं नाही, काका."

त्यांनी चिमटा खाली ठेवला. टाके घातलेला हात मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता. मी जवळ गेले आणि माझं मलाच कळायच्या आत रडायला लागले. चौदा महिन्यांचं सगळं एकदम आलं, बाबांचं 'बरं', कपबशा, सरळ लावलेल्या चपला, सगळं. आतून दुखत होतं आणि दुखतंय हे कळत होतं.

आई हात पुसत दारात आली. आमच्याकडे बघून घाबरली. "काय झालं? अंगठ्याला काय झालं?"

"वहिनी," काका म्हणाले, "दादाचं शेवटचं पातं चांगलं निघालं."

आईने फळीकडे बघितलं, उजव्या टोकाकडे. पदराने डोळे दाबले. "मग मूठ बसवा त्याला," ती म्हणाली. "असं उघडं किती दिवस ठेवणार?"

मूठ बसवली. ती सुरी आता कांदेवाल्या मावशींकडे असते आणि त्या तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाहीत. मुख्य आचाऱ्यांनी पेटीतली एक सुरी हौसेने स्वतःपुरती घेतली. तिचं आयुष्य सात आठवडे टिकलं. आता तीही मंगळवारी रांगेत असते, खळग्यांसकट. अंगठ्यात जीव काही परत आला नाही. डॉक्टरने तशी आशाही दिली नव्हती.

पण त्यानंतरचा पहिला मंगळवार अजून सांगायचा राहिला. काकांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला. बसमध्ये मला म्हणाले, "दगड मी धरतो. अंगठा तुझा. नसली धार, तर डावीकडे ठेवायची. माझी दया करायची नाही." खोक्यावर बसून त्यांनी पट्टी बांधलेल्या हाताने पहिली सुरी घासली, माझ्यापुढे ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. मुख्य आचारी दारात उभे होते. बायकांनी हातातली कामं थांबवली होती. मावशी डोळ्यांनी मला खुणावत होत्या, अगं, असू दे.

मी ती डावीकडे ठेवली. पुढचीही. पहिल्या पाचही सुऱ्या मी डावीकडे ठेवल्या. प्रत्येक आवाजाला काका भिंतीकडे बघतच "बरं" म्हणाले आणि सुरी परत दगडावर घेतली.